भारताची वीज मुख्यतः सौर-पवनावर चालवायची, तर नियोजन कुठून सुरू करावं?

संध्याकाळी सातपासून. चेष्टा नाही करत. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून बरीच वर्षं पाळ्या केल्यात. दर तासाला फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या वाहिन्यांचे, अँपिअर लॉगशीटवर चढवायचे. दुपारी सगळं सोपं असतं. दिवस मावळला की सौर शून्यावर येतं, आणि नेमकं तेव्हाच गावठाण फीडरचा काटा चढायला लागतो. ते चार-पाच तास कोण भरून काढणार हे आधी ठरवा, पॅनल नंतर मोजा.

2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता, हे सरकारी उद्दिष्ट तुम्ही वाचलं असेल. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पानं वर्षाच्या सरासरीत पाव मेगावॉट दिलं तरी चांगलंच म्हणायचं. त्यामुळे आकडे क्षमतेचे नव्हे, युनिटचे मागा. युनिटांत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आगेमागे आहे.

सातची सोय कशी लागते, ते महाराष्ट्रातल्या घाटघरला बघा. 250 मेगावॉटचा प्रकल्प. खालच्या तलावातलं पाणी पंपानं वर चढवायचं, गरजेला सोडून वीज घ्यायची. चार युनिट खाऊन साधारण तीन परत देतो. तोट्याचा धंदा वाटेल, पण दुपारचं युनिट आणि सातचं युनिट एका भावाचं नसतं. बॅटऱ्याही हव्यातच, त्या दोन-चार तासांच्या कामाला बऱ्या.

पावसाळ्यात ऊन कमी पण वारा जोरात, ही आपल्याकडची मोठी जमेची बाजू. मात्र तो वारा दुसऱ्या राज्यात न्यायला लाइन लागते. रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाइन 31 डिसेंबर 2013 ला सुरू झाली, तेव्हा कुठे दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीत आलं. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. टॉवरच्या जागेवरून वाद लागला की लाइन रखडते. म्हणून लाइन आधी.

आणि सगळ्यात स्वस्त साठवण म्हणाल तर शेतीपंप. पाणी दुपारी दिलं काय, रात्री दिलं काय, उसाला फरक पडत नाही. माणसाला पडतो. शेतीला पंपापुरती थ्री-फेज वीज रात्रपाळीनं असायची, तेव्हा उपकेंद्रात फोन यायचे: "साहेब, लाइट दिवसा द्या की, वस्तीवर बिबट्या फिरतोय." 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प लावून दिवसा वीज द्यायची, एवढंच आहे. हे फोन घेणाऱ्या कुठल्याही यंत्रचालकानं तेव्हाच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर.