आजीची लाईट

प्रिय ओवी,

आजीचा फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "भर दुपारी लाईट कशाला हवी? ऊन आहे की!" लाईट नाही म्हणून गिरणी बंद आणि दळण तसंच पडलंय, असं ती सांगत होती.

अगं, तिकडे लाईट म्हणजे नुसता दिवा नव्हे, सगळी वीजच. गिरणी, मिक्सर, विहिरीवरची मोटर, सगळं लाईटवर. महिन्याला येतं ते लाईट बिल, मग त्यातलं निम्मं फ्रिजने का खाल्लेलं असेना. टोरांटोत राहणाऱ्या मुलीला खरं तर याचं नवल वाटू नये. आपणही विजेच्या बिलाला हायड्रो बिल म्हणतोच की! नायगाऱ्याच्या पाण्यावरची वीज लोकांपर्यंत पोचवायला ऑन्टारिओने 1906 मध्ये आयोग नेमला, त्याच्या नावात हायड्रो होतं. आता इथली बरीचशी वीज अणुभट्ट्यांतून येते, तरी तोंडात हायड्रोच. आजीही वायरमन आला नाही की अजून 'बोर्डा'ला बोल लावते. ते वीज मंडळ 2005 मध्ये मोडून त्याच्या कंपन्या झाल्या, पण तिला कोण सांगणार?

आणि लाईट ही 'ती' आहे. लाईट गेली, लाईट आली. वीज स्त्रीलिंगी, म्हणून तीही.

आबा म्हणतात ना, "या आठवड्यात रात्रीची लाईट आहे", त्याचा अंगणातल्या बल्बशी काही संबंध नाही. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की आबा बॅटरी (म्हणजे टॉर्च बरं का) घेऊन उसात दारं धरायला जातात, एकेका सरीत पाणी सोडत. कराडकडे उसात बिबट्या असतो, साप तर असतातच. आबा परत येईपर्यंत आजी जागी. दिवसा लाईट द्या, हे शेतकऱ्यांचं मागणं जुनं आहे आणि रास्त आहे. आबांना त्यावर छेडलंस तर तासभर सुटका नाही.

आजी ट्यूबला हात जोडते म्हणून तू हसली होतीस. दिवेलागणीला घरात उजेड आला की नमस्कार करायचा, एवढंच. मग समई असो नाहीतर बटण दाबून लागलेली ट्यूब. मीही इथे करते, तुझं लक्ष नसताना.

राहिलं दादाचं "लाईट घे". ते कॉलेजातलं. मनाला लावून घेऊ नकोस, असा त्याचा अर्थ. त्याला खुशाल म्हण. आबांना मात्र चुकूनही नको, विशेषतः रात्रपाळीच्या आठवड्यात.

तुझी,
आई