कट मारण्याआधी

चि. ...... यास,
अनेक आशीर्वाद.

खेड-दापोली रस्त्यावरची तुझी रील पाहिली. चिऱ्यांनी भरलेला ट्रक, त्याच्या मागे तू डिपर मारतोयस, हॉर्नवरून हात निघत नाही, आणि मग वळणाच्या तोंडावरच उजवीकडून काढून त्याला कट मारलास. वर दणदणीत गाणं. खाली वाहवा करणारे शेकड्यांनी. माझ्या हाताखाली गाडी शिकलेला मुलगा हे करतो, याने जीव कासावीस झाला, म्हणून लिहितोय.

त्या सकाळी घरात बाबांशी तुझं वाजलं होतं, हे तुझ्या आईकडून कळलं. त्या ट्रकवाल्याने तुझं काय बिघडवलं होतं, सांग बरं? डॉल्फ झिलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे नीट मांडलंय. भांडण संपलं असं डोक्याला वाटतं, पण छातीतली धडधड, ताठलेले खांदे लगेच निवळत नाहीत. तो उरलेला जोर पुढच्या क्षुल्लक गोष्टीच्या खात्यावर जमा होतो. साईड न देणारा ट्रक मग साधा ट्रक राहत नाही, तो मुद्दाम अडवणारा माणूस होतो.

त्याच्या जागेवर बसून बघ. चिरा म्हणजे दगडच, गाडी टनांनी भरलेली. चढावर तो लो गिअरमध्ये चाललाय. तुला वाट द्यायला थांबला तर त्या वजनासकट पुन्हा उचलताना क्लच जळतो, गाडी मागे सरकायची भीती असते. डावीकडे घ्यायचं तर साईडपट्टी खचलेली, पावसाने भुसभुशीत झालेली. तो जागा शोधत असतो, आणि तुला वाटतं तो माज करतोय. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही याच कारणासाठी आहे.

आता फोनचं. रात्री झोपताना तू काय बघतोस ते मला ठाऊक आहे: कट मारणारे, रेसचे गेम, डॅशकॅमवरची भांडणं आणि त्याखालच्या शिव्या. 1961 साली अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवलं, की मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुलं तशीच बाहुली बडवतात. 2007 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना आढळलं, की रेसिंगचे गेम खेळल्यानंतर तरुण पुरुष पडद्यावर दाखवलेल्या रहदारीत जास्त धोका पत्करतात. एका रीलने कुणी वेडा होत नाही, हे मलाही मान्य. पण रोज बघून बघून ते नेहमीचं वाटायला लागतं. आणि वळणावर ज्याला समोरून एसटी भेटली, त्याची रील तुझ्यापर्यंत कधीच पोचत नाही.

ताशी 60 ला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. रील नीट येतेय का म्हणून दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंस, तर 33 मीटर रस्ता तू न बघताच कापलास. आपल्याकडे चिरेखाणींच्या तोंडाशी ट्रकच्या टायरांनी रस्त्यावर तांबडी माती येते. पहिल्या सरीत ती साबणासारखी होते. तिथे ब्रेक दाबलास की गाडी तुझी राहत नाही.

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली, धोकादायक गाडी चालवल्याबद्दल, पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी चालवताना हातात फोन धरणंही त्यातच येतं.

तुला गाडी सोड असं मी म्हणणार नाही. तुझा हात चांगला आहे, क्लचवरचा तोल तर उपजतच आहे. म्हणून सांगतो ते कर. घरात वाजलं असेल तर चावी लगेच लावू नकोस. टायर बघ, काच पूस, पाणी पी, दहा मिनिटं जाऊ दे. होल्डर काढून फोन डॅशच्या कप्प्यात टाक. घाटात वेगवान गाणी नकोत. ट्रकच्या मागे अडकलास तर त्याच्या आरशात तुला ड्रायव्हर दिसेल एवढं अंतर ठेव आणि एकदाच डिपर दे. जागा मिळाली की बहुतेक जण स्वतःच हात दाखवतात. तरी पुढचा रस्ता आपल्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय काढू नकोस.

गणपतीत मुंबईहून पाहुण्यांना आणायला जाशील, तेव्हा हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतील आणि मागचा प्रत्येक जण हॉर्न देईल. त्या दिवशी घरी पोचायची वेळ कुणाला कबूलच करू नकोस. आईला फोन करून 'निघालो' एवढंच सांग.

तुझा,
गाडी शिकवणारा काका