दोन न्यायमूर्तींची दोन मते आणि तिसऱ्याचा निर्णय

प्रश्न : मी एका स्थानिक साप्ताहिकात लिहितो आणि तोच मजकूर फेसबुकवरही टाकतो. केंद्राच्या नळपाणी योजनेतील त्रुटींविषयी लिहीत असताना एका स्नेह्यांनी सावध केले, की सरकारी कक्षाने ‘खोटा’ ठरवलेला मजकूर समाजमाध्यमांवरून उतरवला जातो. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की तो नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला आहे, पण न्यायमूर्तींमध्येच एकमत नसल्याने तो निकाल कच्चा आहे. खरे काय? हा निकाल महाराष्ट्राबाहेर लागू होतो का? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या दुसऱ्या स्नेह्यांची निम्मी माहिती बरोबर आहे. न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले होते, परंतु त्यामुळे निकाल कच्चा राहिलेला नाही.

केंद्र सरकारने 6 एप्रिल 2023 रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्राच्या कामकाजाविषयीचा एखादा मजकूर सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षाने बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवल्यास तो आपल्या मंचावर राहू नये यासाठी समाजमाध्यम कंपन्यांनी वाजवी प्रयत्न करावेत, असे त्या दुरुस्तीत म्हटले होते. तसे न केल्यास लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून कायद्याने कंपन्यांना दिलेले संरक्षण धोक्यात येणार होते. कोणत्या कंपनीला एका नागरिकाच्या चार ओळींसाठी हे संरक्षण पणाला लावावेसे वाटेल? नियमाची खरी धार इथे होती, कारण लिहिणाऱ्याला नोटीसही न येता त्याचे लिखाण दिसेनासे होऊ शकले असते.

विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ही संपादकांची संघटना आणि इतरांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. 31 जानेवारी 2024 रोजी न्या. गौतम पटेल यांनी ती घटनाबाह्य ठरवली, तर न्या. नीला गोखले यांनी ती वैध मानली. एखाद्या तरतुदीचा गैरवापर होऊ शकतो एवढ्याच कारणाने ती रद्द करता येत नाही, हा न्या. गोखले यांचा मुद्दा होता आणि कायद्याच्या दृष्टीने तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दोघांच्या खंडपीठात अशी समसमान मते पडली, की मतभेदाचे मुद्दे तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जातात आणि बहुमत होईल तो न्यायालयाचा निर्णय ठरतो. येथे प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेले. त्यांचे मत येण्यापूर्वीच, 20 मार्च 2024 रोजी, केंद्राने पत्र सूचना कार्यालयातील (पीआयबी) तथ्य तपासणी कक्षाची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. 20 सप्टेंबर 2024 रोजी न्या. चांदूरकर यांनी न्या. पटेल यांच्याशी सहमती दर्शवली आणि त्याच महिन्यात खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती दुरुस्ती रद्द केली. बहुमताचा निकाल हा एकमताच्या निकालाइतकाच पक्का असतो.

तिसऱ्या मतातील एक मुद्दा तर थेट आपल्या लेखनाला लागू पडतो. समजा, ‘नळ बसले, पाणी आले नाही’ या मथळ्याखाली कोरड्या तोटीचे छायाचित्र आपल्या साप्ताहिकात छापून आले. त्या कागदाला हा नियम लागूच नव्हता. तेच छायाचित्र, त्याच मथळ्यासह, फेसबुकवर टाकताच ते नियमाच्या कचाट्यात सापडले असते. छापील आणि डिजिटल मजकुरातील या भेदाला समर्थनीय आधार नाही, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 मधील समतेचा भंग होतो, असे न्या. चांदूरकर यांनी म्हटले. शिवाय ‘बनावट, खोटा, दिशाभूल करणारा’ हे शब्द कोणतीही व्याख्या नसल्याने संदिग्ध आहेत आणि अनुच्छेद 19(2) मध्ये अभिव्यक्तीवर बंधने घालण्यासाठी जी कारणे दिली आहेत त्यांत ही तरतूद बसत नाही, असेही त्यांनी नोंदवले. माझ्या मते सर्वांत मोलाचे वाक्य निराळेच आहे : नागरिकांपर्यंत केवळ सरकारी कक्षाच्या कसोटीला उतरलेली माहितीच पोहोचावी, ही राज्यसंस्थेची जबाबदारी नाही. ज्या वादात सरकार स्वतःच पक्षकार आहे, त्यात खरे-खोटे ठरवण्याचा अखेरचा शब्द त्याच्याच हाती असू नये, हे मला मनापासून पटते.

आता व्याप्तीविषयी. केंद्राचा नियम देशभर एकच असतो. केंद्रीय कायद्याच्या घटनात्मक वैधतेविषयी एखाद्या उच्च न्यायालयाने रिट याचिकेत दिलेल्या आदेशाचा परिणाम संपूर्ण भारतभर होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये कुसुम इंगॉट्स प्रकरणात म्हटले आहे. अर्थात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निर्णय दिल्यास तोच अंतिम. उद्या आपल्यालाच दाद मागण्याची वेळ आली, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 खाली सर्वोच्च न्यायालयात केवळ मूलभूत हक्कांसाठी दाद मागता येते, पण अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ही आदेश देऊ शकते. आपल्या जिल्ह्यासाठी तर ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे या दादेसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

मात्र बदनामीचा कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खालील सरकारचे मजकूर रोखण्याचे अधिकार या निकालाने संपलेले नाहीत. म्हणून त्या तोटीचे मूळ छायाचित्र तारखेसह जपून ठेवा आणि योजनेच्या कामाविषयी ग्रामपंचायतीकडून मिळालेल्या कागदांच्या प्रतीही हाताशी असू द्या.