तालुक्याच्या कॉलेजात युरिएज अडवणारी संयुगं करायची, तर डॉकिंग पुरेसं आहे का?

वाशिमकडच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला युरिएज-रोधक (युरिया फोडून अमोनिया सोडणाऱ्या युरिएज या एन्झाइमला अडवणारी संयुगं) करायचे आहेत आणि डॉकिंगचा (संयुग एन्झाइमात कसं बसेल, याचा संगणकावरचा अंदाज) स्कोअर उणे ९ आलाय, असं तुम्ही लिहिलंय. पुरेसं नाही. युरिएजच्या गाभ्यात निकेलचे दोन अणू आहेत, आणि व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर धातूशी होणारा बंध धड मोजत नाही.

संयुग बनवणं सोपं. व्हॅनिलिन १.५२ ग्रॅम, थायोसेमिकार्बाझाइड ०.९१ ग्रॅम (विषारी आहे, हातमोजे घाला), इथेनॉल २५ मिली, ग्लेशियल असेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब, दोन-तीन तास रिफ्लक्स. टीएलसीवर (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) अल्डिहाइडचा, म्हणजे व्हॅनिलिनचा, ठिपका गेला की थंड करून गाळा, इथेनॉलमधूनच स्फटिक पाडा. एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी तपासणी) ९.८ पीपीएमजवळचा, म्हणजे उरलेल्या अल्डिहाइडचा, प्रोटॉन दिसला तर पुन्हा स्फटिक पाडा. अल्डिहाइड बदलत गेलात की मालिका तयार.

'खेड्यात एन्झाइम कुठून आणू' हे रडगाणं विदर्भात तरी कुणी गाऊ नये. कच्चं सोयाबीन दळा, पीएच ७ च्या थंड फॉस्फेट बफरमध्ये अर्धा तास ढवळा, कापडातून गाळून सेंट्रिफ्यूज करा. तेलाच्या प्लांटमधली डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) चालणार नाही. ती उष्णता देऊन काढलेली असते, आणि उष्णता पुरेशी लागली का हे बघायला तिथे युरिएजच तपासतात. युरिया पोत्यातला घेऊ नका बाप्पा, तो २०१५ पासून नीमकोटेड आहे. एआर ग्रेडचा (प्रयोगशाळेसाठीचा शुद्ध) आणा, द्रावण रोज ताजं.

खरी गोची मोजणीत आहे. सुटलेला अमोनिया फिनॉल-हायपोक्लोराइटने निळा करून ६२५ नॅनोमीटरला वाचतात. तुमच्या संयुगातलं गंधक आणि फिनॉल, दोन्ही हायपोक्लोराइट खातात. निळा कमी उतरतो आणि ८० टक्के इनहिबिशन (एन्झाइमची अडवणूक) म्हणून छापून येतं! म्हणून एक नळी एन्झाइमशिवाय लावा: ठरावीक अमोनियम क्लोराइड, त्यात तेवढंच संयुग. इथेही रंग उतरला, तर ते आकडे टाकून द्या आणि फिनॉल रेड घालून ५६० ला पीएचचा चढ मोजा. तुलनेसाठी थायोयुरिया हा माहीत असलेला रोधक स्टँडर्ड म्हणून घेतलात तर त्यालाही हीच परीक्षा.

तांब्याचा अंश पाण्यात असला तरी युरिएज मरतं, म्हणून सगळ्या नळ्यांत तांबं बांधून ठेवणारं ईडीटीए, १ मिलीमोलर. संयुग विरघळवायचा डीएमएसओ २ टक्क्यांच्या आत, कंट्रोलमध्येही तेवढाच. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा डिटर्जंट) घातल्यावर इनहिबिशन गायब झालं, तर तुमचं संयुग नुसतं गोळे होऊन एन्झाइमला चिकटत होतं. आयसी५० ला (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी तीव्रता) किमान सहा तीव्रता, प्रत्येकी तीन नळ्या.

'ग्रामीण भागात सोयी नाहीत, डॉकिंगचा तक्ता लावा' म्हणणाऱ्या गाइड मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. वरच्या मोजणीला लागतो साधा कलरीमीटर, तो त्यांच्याच कपाटात असतो.

हो, सोयाबीनचं युरिएज म्हणजे पोटात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूचं नव्हे. शीर्षकात 'अल्सरवर औषध' लिहू नका.