अवजारांची नावं गोळा करताय? मग आधी एवढं करा

शब्द गोळा करायला निघालाय ते लई भारी काम आहे, पण फोटो दाखवून "याला काय म्हणता" एवढंच विचारत बसू नका, त्यानं माणूस पुस्तकी नाव सांगून मोकळा होतो. अवजार हातात असताना विचारा. आपल्याकडं विळ्याला इळा म्हणणारी म्हातारी माणसं अजून गावोगाव आहेत, आणि खोरं अन् फावडं दोन्ही ऐकू येतं, दोन्ही लिहून ठेवा, कुठलं बरोबर ते ठरवत बसू नका.

खरा माल लोहाराच्या भात्यापाशी आहे. खुरप्याची धार बोथट झाली की ते शेवटून आणायचं, म्हणजे तापवून ठोकून पातं पुन्हा पातळ करायचं, मग पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं. कुळवाचं, म्हणजे बैलांनी ओढायच्या, रान भुसभुशीत करायच्या अवजाराचं तसंच, नुसतं "कुळव" लिहून थांबू नका, पास, वसू, जानावळं, दिंड, इसाड, रुमणं हे त्याचे सगळे भाग हात लावून विचारा, कारण बैल गेले की हे शब्द आधी जाणार.

खुरपणीचे शब्द बायकांना विचारा, दिवसभर खुरपं त्यांच्याच हातात असतं. कोल्हापूर-सांगलीकडं त्याच कामाला भांगलण म्हणतात, विदर्भात निंदण. अक्कलकोटकडं गेलात तर कन्नड बोलणाऱ्या घरात तिफणीला, म्हणजे पेरणीच्या अवजाराला, कूरिगे आणि कुळवाला कुंटे ऐकाल, तेपण घ्या.

प्रत्येक शब्दापुढं गाव, तालुका आणि सांगणाऱ्याचं अंदाजे वय टाकाच.