वाचकांचे प्रश्न : ओंडके फोडण्याच्या यंत्राला इंजिन कोणते बसवावे?

प्रश्न : कामठी मार्गावर आमची जळाऊ लाकडाची टाल आहे. सावजी भोजनालये आणि लग्नाचे आचारी आमच्याकडून लाकूड नेतात. बाभळीचे ओंडके घणाने आणि पाचरीने फोडणारी माणसे मिळेनाशी झाली, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक जुने हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर घेतले. त्याचे पेट्रोल इंजिन यंदा पावसाळ्यानंतर जाम झाले असून ते दुरुस्त करण्यात अर्थ उरलेला नाही. एक मेकॅनिक मोटारसायकलचे इंजिन बसवून देतो म्हणतो, दुसरा पाण्याच्या पंपाचे रॉकेलवर चालणारे जुने इंजिन सुचवतो, तर दुकानदाराचा आग्रह १३ हॉर्सपॉवरच्या नव्या इंजिनाचा आहे. त्याने गाठीचे लाकूडही फुटेल, असे तो सांगतो. यांतले कोणते घ्यावे आणि ते पुन्हा जाम होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात इंजिनाविषयी बरेच आहे, पण पंपाविषयी एक शब्दही नाही आणि निर्णय तर पंपावरच अवलंबून आहे. यंत्राचा जोर ठरतो तो पाचर ढकलणाऱ्या सिलिंडरचा व्यास आणि रिलीफ व्हॉल्व्ह (ठरावीक दाबाला उघडून जादा तेल परत सोडणारी झडप) यांवरून. आपला सिलिंडर १०० मिलिमीटर व्यासाचा असेल आणि रिलीफ व्हॉल्व्ह १७० बारवर उघडत असेल, तर ओंडक्यावर सुमारे साडेतेरा टनांचा जोर पडेल, मग मागे इंजिन साडेपाच हॉर्सपॉवरचे असो वा १३ चे. मोठ्या इंजिनाने गाठ फुटत नाही, फक्त पेट्रोल जास्त जळते. दुकानदाराचा सल्ला त्याच्या गल्ल्याच्या दृष्टीने योग्य आहे, एवढेच म्हणता येईल.

तेव्हा आधी पंपावरची पट्टी पुसून वाचावी. अशा यंत्रांना बहुधा दोन टप्प्यांचा गिअर पंप असतो. पाचर लाकडाला टेकेपर्यंत दोन्ही गिअर मिळून भरपूर तेल ढकलतात आणि विरोध वाढताच मोठा गिअर मोकळा होऊन लहान गिअर एकटा उच्च दाब देतो. पट्टीवर ११ गॅलन लिहिलेले असेल, तर तो अमेरिकी गॅलन समजावा, म्हणजे मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वेगाला दर मिनिटाला सुमारे ४२ लिटर तेल. आपल्याकडच्या जुन्या साडेचार लिटरच्या गॅलनाने हिशेब केल्यास तो चुकतो. लहान गिअर एकटा त्याच वेगाला साधारण ११ लिटर तेल देतो. त्या ११ ला १७० बारने गुणून ६०० ने भागले की ३.१ किलोवॅट येतात आणि गळती व घर्षण धरून इंजिनाकडून पावणेचार किलोवॅट, म्हणजे ५ हॉर्सपॉवर लागतात. १६३ सीसीचे इंजिन येथे काठावर येते, कारण होंडाच्या जीएक्स १६० ची निव्वळ शक्ती ३.६ किलोवॅट आहे. १९६ सीसीच्या जीएक्स २०० ची ४.१ आहे. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तापलेली हवा विरळ होते आणि शक्ती आणखी घटते. म्हणून ११ गॅलनच्या पंपाला १९६ सीसीच्या वर्गातले, आडव्या शाफ्टचे, चार स्ट्रोकचे इंजिन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारसायकलचे इंजिन नकोच. ते गाडी धावताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड होते आणि त्याला भार बदलला तरी वेग एकसारखा राखणारा गव्हर्नर नसतो. त्यामुळे पाचर लाकडात शिरताच ते दबेल आणि लाकूड फुटताच किंचाळत सुटेल. रॉकेलचे इंजिन त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमी शक्ती देते आणि काजळी लवकर धरते. पाण्याच्या पंपाच्या इंजिनात आणखी एक खोच असते. त्याचा शाफ्ट पुष्कळदा आट्यांचा असतो, तर आपल्याला चावीची खाच असलेला सरळ शाफ्ट हवा. हा शाफ्ट काही इंजिनांत १९.०५ मिलिमीटरचा, तर काहींत २० मिलिमीटरचा असतो. फरक नजरेला दिसत नाही, पण इंजिन आणि पंप जोडणारे कपलिंग बसत नाही, आणि मग कारागीर हातोडी उचलतो. तो ठोका थेट क्रँकच्या बेअरिंगला लागतो. व्हर्नियरने मापल्याशिवाय कपलिंग आणू नये.

आता देखभालीकडे वळतो. पावसाळ्यानंतर जाम झालेल्या इंजिनाच्या मागे बहुतेक वेळा दमट हवेत महिनोन् महिने उभे राहणे असते. कामाने इंजिने क्वचितच मरतात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढते. छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत मर्यादा १० टक्के दिलेली असते, म्हणून खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे आणि महिन्यापेक्षा जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये. यंत्र दीर्घकाळ उभे राहणार असेल, तर टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा बोल्ट सोडून उरलेला थेंबही काढावा. नंतर प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडावे, दोरी दोनदा हळू ओढावी, प्लग परत बसवावा आणि दोरी जड लागेल तेथे थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि ओल सिलिंडरमध्ये शिरत नाही. आपल्या जुन्या इंजिनाला ही पाच मिनिटे मिळाली असती, तर हे पत्र कदाचित आलेच नसते.

या वर्गाच्या इंजिनात ऑइल जेमतेम ६०० मिलिलिटर मावते, म्हणून त्याचे लाड करावेत. पहिले ऑइल २० तासांनी बदलावे. पुढे पुस्तिका १०० तास सांगते, पण टालीवरची धूळ आणि लाकडाचा भुसा पाहता ५० तासांनीच बदललेले बरे. उन्हाळ्यात एसएई ३० दाटपणाचे ऑइल चालते. ऑइलची पातळी इंजिन सपाट जागी ठेवून पाहावी. अनेक इंजिनांत ऑइल कमी झाल्यास प्रज्वलन तोडणारा सेन्सर असतो आणि यंत्र उतारावर उभे असले तरी तो फसतो. सुरू न होणारे इंजिन खोलण्यापूर्वी एवढे तपासले, तर मेकॅनिकची एक खेप वाचते.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून पिळावा. आतला कागदी भाग मात्र कधीही धुऊ नये, हलकेच झटकावा. दोरीच्या झाकणामागे सालपटे अडकून थंड हवेची वाट बंद होते. नवतपा लागण्याआधी ते झाकण काढून पंखे ब्रशने साफ करावेत. प्लगचे अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावे. व्हॉल्व्हचे अंतर वर्षातून एकदा, इंजिन गार असताना, जाणकाराकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : माझे यंत्र हिंगण्याच्या शेडमध्ये एकाच जागी असते. इंजिनाऐवजी विजेची मोटर लावता येईल का?

उत्तर : थ्री-फेज जोडणी असेल, तर अवश्य लावावी, वरचे निम्मे उत्तर आपल्याला वाचावेच लागणार नाही. मात्र पंप ३६०० फेऱ्यांसाठी बनलेला असतो आणि १४४० फेऱ्यांच्या मोटरवर तो दोन-पंचमांशच तेल देईल, म्हणजे पाचर अडीच पट सावकाश चालेल, दाब तेवढाच राहील. वेग हवा असल्यास सुमारे २८८० फेऱ्यांची मोटर घ्यावी आणि फिरण्याची दिशा पंपावरील बाणाशी जुळते का, हे कपलिंग जोडण्यापूर्वी क्षणभर मोटर चालवून पाहावे. उलटी असल्यास कोणत्याही दोन फेज आपसांत बदलून घ्याव्यात.