शंभर होड्या, सव्वीस कंदील

प्रश्न (देवगड): बाबांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मुंबईत ॲक्टिनियमचं इंजेक्शन दिलं. अल्फा किरण शरीराबाहेर येतच नाहीत म्हणतात. मग नंतर स्कॅन कसला काढला?

ऐकलंत ते बरोबर आहे. अल्फा कणाचा जोर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यातच संपतो. औषधाचा गुण तोच, आणि कॅमेऱ्याची पंचाईतही तीच. पण ॲक्टिनियम-२२५ हे किरणोत्सारी द्रव्य. अल्फा कण सोडत त्याचं आधी फ्रान्सियम-२२१ होतं, पुढे बिस्मथ-२१३, आणि या वंशावळीतून थोडे गॅमा किरणही सुटतात. ते बाहेर येतात.

रात्री बंदरावर उभं राहून बाहेर किती होड्या आहेत हे तुम्ही दिव्यांवरूनच सांगता ना? तसंच हे. होडी म्हणजे फुटणारा अणू, कंदील म्हणजे त्याचा गॅमा किरण. फक्त इथे शंभर होड्यांमागे बिस्मथचे कंदील सव्वीस आणि फ्रान्सियमचे जेमतेम अकरा. त्यात मुळात होड्याच कमी. ल्युटेशियम या दुसऱ्या किरणोत्सारी औषधाचा नेहमीचा डोस ७,४०० मेगाबेक्वेरेलचा (किरणोत्साराचं माप), तर ॲक्टिनियमचा सात-आठ मेगाबेक्वेरेलचा. म्हणून पेशंटला बराच वेळ निजवून ठेवतात, तरी चित्र भाजलेल्या रव्यासारखं दाणेदार येतं. मशीन बिघडलेलं नसतं.

प्रश्न (चिपळूण): माझ्या काकांच्या रेडियमच्या स्कॅनमध्ये आतडी उजळलेली दिसली. कॅन्सर पोटात उतरला का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. रेडियम-२२३ हेही अल्फा देणारंच औषध. त्याला शरीर कॅल्शियम समजतं, त्यामुळे हाडाची नवी बांधणी जिथे चालू असते तिथे ते जाऊन बसतं. उरलेल्यातलं बहुतेक शौचावाटे निघून जातं. आतड्यात दिसलं ते वाटेला लागलेलं औषध. काकांच्या डॉक्टरांना विचारून घ्याच, पण आजची झोप उडवू नका.

प्रश्न (मालवण): ॲक्टिनियमच्या रिपोर्टात मूत्रपिंडाला गेलेल्या डोसचा आकडा आहे. तो पक्का धरायचा का?

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं. अल्फा कण सुटताना मागे राहिलेल्या अणूला बंदुकीसारखा धक्का बसतो. औषधाच्या रेणूची पकड त्यापुढे काहीच नाही, त्यामुळे नवा अणू सुटा होतो. फ्रान्सियमचं अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) पाचएक मिनिटांचं, ते फार लांब जात नाही. बिस्मथला पाऊण तास मिळतो. तेवढ्यात ते रक्तातून मूत्रपिंडात पोचतं. कॅमेऱ्याला तिथे बिस्मथ दिसलं म्हणजे ॲक्टिनियमही तिथेच आहे, असं नाही. म्हणून फ्रान्सियम आणि बिस्मथ या दोघांच्या गॅमा किरणांची चित्रं वेगवेगळी घेऊन ताडून पाहतात.

हेच लघवीच्या नमुन्याच्या काचनळीत सरळ कळतं. ताजी नळी काउंटरमध्ये, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्रात, घातली की सुट्या बिस्मथचे काउंटही त्यात येतात. तीच रात्रभर ठेवून सकाळी मोजा. सुटं बिस्मथ संपलेलं असतं, आणि आता जे काउंट येतात ते लघवीतल्या ॲक्टिनियमच्या मापाचे. घाईने एकदाच मोजून मोकळं होणारा इथे हमखास फसतो.

शिवाय कॅमेऱ्याला काही मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही, आणि अल्फाचा सगळा खेळ त्याहून कितीतरी लहान जागेत चालतो. तेव्हा रिपोर्टातला आकडा ही अख्ख्या मूत्रपिंडाची सरासरी आहे. माझं स्पष्ट मत आहे की, अशा आकड्याशेजारी ‘इतका कमी-जास्त’ हेही छापावं. क्रिएटिनिनची तपासणी मात्र चुकवू नका. मूत्रपिंड कसं चाललंय ते त्यातून कळतं.

प्रश्न (रत्नागिरी): हे इंजेक्शन घेतलेल्या आजोबांनी नातवंडांना जवळ घ्यावं का?

घ्यावं की. बाहेर येणारे किरण फारच थोडे असतात. आणि अल्फाच्या नावाचीच धास्ती असेल तर ऐका: तिसऱ्या-कालवांत पोलोनियम-२१० हे अल्फा देणारं द्रव्य निसर्गतःच असतं, आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या ओरपतोय. सांभाळायचं ते लघवी-शौचाला. हॉस्पिटलने सांगितलेले दिवस आजोबांनी बसूनच लघवी करावी, दोनदा पाणी सोडावं, हात साबणाने धुवावेत. कपडे खराब झालेच, तर हातमोजे घालून वेगळे धुवायचे.